माझ्याकडे तर चालतंय

संगणकाच्या धंद्यात रोज सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कोणतं, याची पाहणी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. गरजही नाही. हिंजवडीतल्या कुठल्याही इमारतीच्या कुठल्याही मजल्यावर जरा वेळ उभं राहिलं की ते कानावर पडतं : "माझ्याकडे तर चालतंय." म्हणणारा हे म्हणताना उठून बघायला येत नाही. उलट खुर्चीत थोडा मागे रेलतो. त्याच्या दृष्टीने तपास संपलेला असतो. समोरच्याच्या पडद्यावर मात्र त्याच सोर्सचं, त्याच आज्ञेने लावलेलं बिल्ड तुटून पडलेलं असतं. लाल अक्षरांच्या शेकडो ओळींत खरी चूक सांगणारी ओळ एकच असते. ती बरीच वर असते आणि माणूस सगळ्यात खालची वाचत बसलेला असतो.

पंचाईत अशी, की म्हणणारा खोटं बोलत नाही. त्याच्याकडे खरोखरच चालतंय. फक्त आपलं मशीन म्हणजेच जगातली समस्त मशिनं, हे आपण कधी ठरवून टाकलं, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

बरीच वर्षं हे खपून गेलं. टेबलावरचा लॅपटॉप काय आणि सर्व्हर काय, दोन्हींच्या पोटात इंटेलच्याच वळणाचे प्रोसेसर. २०१३ मध्ये डॉकर आला आणि प्रोग्रॅमबरोबर त्याचं सगळं बिऱ्हाडच बांधून न्यायची सोय झाली. आता ते वाक्य इतिहासजमा होणार, असं सगळे म्हणू लागले. मग नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने स्वतःच्या, आर्मच्या वळणाच्या एम१ चिपचे लॅपटॉप काढले. त्या लॅपटॉपवर हौसेने बांधलेलं बिऱ्हाड सर्व्हरवर उतरवायला जावं, तर दारातच तीन शब्द : एक्झेक फॉरमॅट एरर. प्रोग्रॅम आहे हे कळतंय, पण यातल्या आज्ञा माझ्या प्रोसेसरच्या नव्हेत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे नव्या लॅपटॉपांचं वाटप पदाच्या उतरत्या क्रमाने होतं, त्यामुळे हा अनुभव सर्वांत आधी वरिष्ठांना आला. एखाद्या कनिष्ठाला आला असता तर दोन वर्षं 'बघू' या सदरात पडून राहिला असता. तो त्याच आठवड्यात 'क्रिटिकल' झाला.

पण ही झाली हल्लीची गोष्ट. ज्यांनी हेच दुखणं फार आधीपासून हौसेने अंगावर घेतलंय, अशी मंडळी जगात आहेत, आणि त्यांत डेबियनवाल्यांचा नंबर बराच वरचा. इयान मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केलेला हा लिनक्स प्रणालीचा प्रकल्प स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. पद्धत अशी : पॅकेज सांभाळणाऱ्याने सोर्स पाठवायचा. मग 'बिल्डडी' म्हणून ओळखली जाणारी मशिनं तो आपापल्या प्रोसेसरवर बांधून बघतात. त्यांना कामं वाटून देणाऱ्या यंत्रणेचं नाव 'वॉना-बिल्ड', आणि तिच्या दफ्तरात एक शेरा 'नॉट-फॉर-अस' असाही आहे. जून २०२३ मधल्या 'बुकवर्म' आवृत्तीत अशी नऊ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या जाती) होती. म्हणजे माणूस रात्री सोर्स पाठवून झोपतो आणि सकाळी उठल्यावर त्याला नऊ मतं मिळतात. सोर्सपासून पॅकेज बनलं नाही, की त्याला एफटीबीएफएस असं म्हणतात. ही पाचही अक्षरं नीट उच्चारायला लागतात, त्यामुळे चिडून बोलता येत नाही. व्यवस्थेने तेवढी काळजी घेतली आहे.

आठ मशिनं 'बनलं' म्हणतात. नववं असतं एस३९०एक्स.

एस३९०एक्स म्हणजे आयबीएमची मेनफ्रेम. ७ एप्रिल १९६४ला जाहीर झालेल्या सिस्टिम/३६०ची वारस. ही कोणाच्या घरी नसते. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या तळघरांत असते आणि तिच्या एका तासाची किंमत ऐकून माणूस हळू आवाजात बोलू लागतो. पण डेबियनचा नियम निःपक्षपाती आहे : पॅकेज पूर्वी ज्या-ज्या आर्किटेक्चरवर बनत होतं, त्या सगळ्यांवर आजही बनलं पाहिजे, नाहीतर नवी आवृत्ती पुढच्या टप्प्यात सरकत नाही. त्यामुळे एखादा बदकं पाडायचा खेळ मेनफ्रेमवर बनत नाही म्हणून आठवडेच्या आठवडे अडकून राहतो. मेनफ्रेमवर बदकं कोण पाडणार आहे, असं विचारलं तर उत्तर मिळतं की तो प्रश्न वेगळा.

तिथे बिल्ड तुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, आणि ते ओळखायची खूणही ठरलेली : १,६७,७७,२१६. टेस्टमध्ये एक अपेक्षित असताना हा आकडा आला, की जाणते लोक पुढचं वाचतच नाहीत. इंटेल, आर्म वगैरे मंडळी चार बाइटांचा आकडा ठेवताना लहान बाइट आधी ठेवतात. मेनफ्रेम मोठा आधी ठेवते. एकीकडे फाइलीत लिहिलेला एक दुसरीकडे आहे तसा उचलला, की त्याचे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर होतात. खात्यात एक रुपया असलेल्या माणसाला ही मेनफ्रेमची पद्धत मनापासून आवडावी. प्रोग्रॅमच्या लेखकाला ती कळत नाही, कारण त्याने बाइट कुठल्या क्रमाने आहेत याचा विचारच केलेला नसतो. त्याच्याकडे चालत असतं.

खरं तर हा घोळ मराठी माणसाइतका कोणाच्या अंगवळणी पडलेला नाही. पंचवीस लिहिताना आपण दोन आधी लिहितो, म्हणताना पाच आधी म्हणतो. एकशे पंचवीस म्हणताना तर शंभर आधी, मग पाच, मग वीस. असाच मधूनच उलटणारा क्रम पीडीपी-११ या मशीनवर ३२ बिटी आकड्यांच्या वाट्याला यायचा आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्यांच्यापैकी कोणी कधी आपल्या वाण्याकडे हिशेब केला नसावा. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आणलं, त्यावर घराघरांत, वर्तमानपत्रांत आणि थेट विधानसभेत जो गदारोळ उठला तो आठवला, की बाइटांचा क्रम बदलणं ही निव्वळ तांत्रिक बाब आहे असं म्हणायचं धाडस मला होत नाही.

या दोन पंथांना नावं दिली डॅनी कोहेन यांनी, १ एप्रिल १९८०च्या एका टिपणात. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ मधल्या गलिव्हरच्या प्रवासकथेत अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लढाया होतात, तिथून त्यांनी 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावं उचलली. टिपणाचा मूळ हेतू शांतता हा होता : क्रम कुठलाही घ्या, पण सगळे मिळून एकच घ्या. लोकांनी टिपण आवडीने वाचलं आणि त्यातली नावं तेवढी घेतली.

आर्मचा त्रास निराळा आणि जास्त सोज्वळ. सी भाषेच्या प्रमाणात 'चार' नावाचा एका बाइटचा प्रकार आहे. त्यात ऋण आकडा मावतो की नाही, हे प्रमाण लिहिणाऱ्यांनी ज्याच्या-त्याच्यावर सोपवलं. इंटेलवर मावतो. लिनक्सच्या आर्मवर नाही. आता फाइल संपली हे सांगायला सी भाषा उणे एक ही खूण देते. लेखक ती खूण 'चार'मध्ये घेतो आणि उणे एक आला की थांबतो. आर्मवर उणे एकाचे होतात दोनशे पंचावन्न. ते उणे एक कधीच नसतात, म्हणून प्रोग्रॅम कधीच थांबत नाही. फाइल केव्हाच संपलेली असते आणि हा आपला वाचतोच आहे. काही छापत असेल तर डिस्क भरेपर्यंत छापतो. गप्प असेल तर बिल्डडी १५० मिनिटं वाट बघते आणि मग लॉगमध्ये शेवटची ओळ लिहून त्याला मारते : १५० मिनिटांच्या निष्क्रियतेमुळे बिल्ड संपवलं. अडीच तास. आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत एवढ्या लवकर निष्क्रियतेची दखल घेतली जाते?

आणि इंटेलवर सगळं आलबेल, असंही नाही. १९८०च्या ८०८७ या गणिती सोबत्यापासून चालत आलेल्या त्या जुन्या पद्धतीत दशांश आकडा प्रोसेसरच्या पोटात ८० बिटांचा असतो आणि मेमरीत ठेवला की ६४ बिटांचा होतो. त्यामुळे एकच आकडा एकदा पोटातला आणि एकदा मेमरीतला घेऊन ताडून पाहिला तर तो स्वतःशीच जुळत नाही. माणूस वैतागून तो आकडा छापून बघायला जातो. छापायचं म्हणजे आधी मेमरीत ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडे ६४ बिट, म्हणजे आकडा जुळतो. छापायची ओळ काढली की पुन्हा बिनसतं. जीसीसी या कंपायलरच्या तक्रारवहीत २०००पासून ३२३ क्रमांकाची नोंद याच प्रकाराची आहे. वर्षानुवर्षं लोक नव्या उमेदीने तीच तक्रार लिहितात आणि ती ३२३ची नक्कल म्हणून बंद होते. पुष्कळ ठिकाणी ती छापायची ओळ तशीच ठेवून दिलेली असते आणि तिच्यावर टिप्पणी असते : ही काढू नये.

मशिनं ओळखण्याचं कामही यंत्रावर सोपवलेलं आहे. जुन्या पठडीतल्या सोर्सबरोबर 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट येते. ती बिल्डच्या आधी मशीनची उलटतपासणी घेते : कंपायलर आहे का, हो. चालतो का, हो. बिल्डचं वातावरण शहाणं आहे का? हा प्रश्न खरोखर असतो, आणि त्याचं उत्तरही रोज 'हो' असं छापलं जातं. आत डोकावून पाहिलं तर कळतं की ती फक्त फायलींच्या वेळा बघून घड्याळ मागे पडलेलं नाही ना, एवढंच तपासते. शहाणपणाची इतकी माफक व्याख्या मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हिची सहकारी 'कॉन्फिग डॉट गेस'. ती मशीनचं नाव अंदाजाने ओळखते. पण ती सोर्सबरोबर आलेली, म्हणजे दहा-दहा वर्षं जुनी. तिच्या जन्मानंतर आलेला प्रोसेसर समोर आला, की ती अंदाज करता येत नाही म्हणून हात वर करते. २०१५च्या 'जेसी' आवृत्तीत ६४ बिटी आर्मला जागा मिळावी म्हणून लोकांनी ढिगाने पॅकेजं दुरुस्त केली. त्यांतल्या पुष्कळांची दुरुस्ती म्हणजे ही एक फाइल काढून तिची नवी प्रत ठेवणं, एवढीच होती. कोडला हातही लावायचा नव्हता. कोड तयारच होता, दारावरचा माणूस आत सोडत नव्हता.

यात एक गोष्ट मात्र खरी. तेव्हा त्या मंडळींना विचारलं जायचं, की ६४ बिटी आर्म वापरतो कोण? त्यांनी उत्तर न देता पॅच पाठवले. पाच वर्षांनी त्याच जातीच्या चिपचे लॅपटॉप वरिष्ठांच्या मांडीवर आले, तेव्हा निम्मी-अधिक पॅकेजं कुरकुर न करता बनली. कोणी आभार मानल्याचं दिसलं नाही. बनलेल्या बिल्डचा लॉग कोण उघडून बघतो?

नेटबीएसडी या दुसऱ्या प्रणालीवाले तर याच्याही पुढचे. २००५मध्ये त्यांची प्रणाली टोस्टरवर चालवून दाखवली गेली, आणि त्यात पाव खरोखर भाजले जात. ते अजून १९७७च्या व्हॅक्स या मशीनलाही सांभाळतात. व्हॅक्सचं दशांश गणित आज सर्वत्र रूढ असलेल्या प्रमाणाच्या आधीचं आहे. शून्याला शून्याने भागलं की बाकीची मशिनं 'हा आकडा नव्हे' अशा अर्थाचं एक खास उत्तर देतात. व्हॅक्सकडे असं काही नाहीच. तिच्या जगात जे आहे ते आकडा आहे. त्यामुळे ज्या टेस्टची सुरुवातच 'आकडा नसलेला आकडा घ्या' अशी होते, ती तिथे पहिल्याच ओळीला आडवी होते, आणि मला यात व्हॅक्सची बाजू पटते.

३२ बिटी मशिनांची वेगळीच करुण कहाणी. त्यांना चार जीबीच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि हल्लीचा ब्राउझर जोडायला लिंकरला त्याहून जास्त लागतं. म्हणजे ब्राउझर त्या मशीनवर चालेल, पण त्या मशीनवर बनणार नाही. शिवाय त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ला, आपल्याकडे मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं. ते टाळायला डेबियनने २०२४च्या सुरुवातीला वेळेचा आकडा ६४ बिटी केला. त्यासाठी शेकडो लायब्रऱ्यांची नावं बदलावी लागली, त्यांच्या शेपटीला 'टी६४' लागलं, आणि काही आठवडे कोणतं पॅकेज कोणासाठी थांबलंय हे सांगणं कठीण झालं. फक्त आय३८६, म्हणजे इंटेलचा जुना ३२ बिटी गडी, यातून वगळला. जुने तयार प्रोग्रॅम त्यावर चालत राहावेत म्हणून त्याचं घड्याळ तसंच ठेवलं. निवृत्तीला आलेल्या माणसाला नवीन सॉफ्टवेअर शिकवत नाहीत, हा नियम इथेही लागू.

आता हे सगळं दुरुस्त कसं होतं? पुस्तकात सांगतात तसं नाही. पहिला उपाय सार्वत्रिक आहे : पुन्हा लावून बघणे. डेबियनमध्ये त्याला रीतसर 'गिव्ह-बॅक' असं नाव आहे, त्यामुळे ते करताना संकोच वाटत नाही. आणि हा उपाय लागूही पडतो, म्हणून तर सवय सुटत नाही. एकाच वेळी चौसष्ट कामं काढणाऱ्या मशीनवर कुठली फाइल आधी बनेल याचा नेम नसतो. एकदा चुकलेला क्रम दुसऱ्यांदा आपोआप बरोबर येतो. दुसरा उपाय, तुटलेली टेस्ट त्या आर्किटेक्चरपुरती बंद करणे. बदलाच्या नोंदीत मग 'एस३९०एक्सवरची टेस्ट वगळली' अशी प्रसन्न ओळ येते. थर्मामीटर फोडल्यावर ताप गेला, असं त्यात कोणी उघड म्हणत नाही. तिसरा उपाय, त्या आर्किटेक्चरचं नावच यादीतून काढणे. यासाठी मात्र कारण लिहावं लागतं, म्हणून लोक दुसऱ्यावरच थांबतात. रिस्क-फाइव्ह या नव्या आर्किटेक्चरच्या सुरुवातीच्या दिवसांत चौथाही एक उपाय होता. एका बाइटची अविभाज्य अदलाबदल त्याच्या आज्ञांत थेट नव्हती, म्हणून लिंकर '__ॲटॉमिक' ने सुरू होणारं काहीतरी सापडत नाही असं रडायचा. मग लिंकरच्या ओळीत शेवटी '-लॅटॉमिक' जोडायचं. किती तरी पॅकेजांना हा एकच शब्द लावला गेला. लावणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो काय करतो हे विचारू नये.

या सगळ्यानंतर कोणीतरी खरंच कोड वाचतो, चूक शोधतो, मूळ लेखकाला पॅच पाठवतो. उत्तर ठरलेलं : "आमच्याकडे ते मशीन नाही." डेबियनकडे सदस्यांना लॉगिन करता येतील अशी प्रत्येक जातीची मशिनं राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे हे उत्तर तिथे फार वेळ टिकत नाही. बाहेर टिकतं.

कधी कधी मात्र लेखकाचंही खरं असतं. फेब्रुवारी २०२१मध्ये पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' या लायब्ररीने ३.४ आवृत्तीपासून रस्ट भाषेत काही भाग लिहायला घेतला. सी भाषेतल्या मेमरीच्या चुकांतून सुटका, हा हेतू कोणालाही पटावा असा. पण रस्टचा कंपायलर अल्फा, एचपीपीए, एम६८के या जुन्या प्रोसेसरांसाठी आणि जुन्या ३१ बिटी एस३९०साठी नव्हताच. होय, ३१. बत्तिसावा बिट पत्ता कुठल्या पद्धतीचा आहे हे सांगण्यात खर्च होतो. मग जे भांडण झालं त्यात दोन्ही बाजू तावातावाने बरोबर होत्या. एक बाजू म्हणत होती, आमचं चालतं मशीन तुम्ही एका आवृत्तीत मोडलंत. दुसरी म्हणत होती, त्या मशीनवर आम्ही हे कधी तपासलंच नव्हतं, तुम्ही चालवत होतात हे आम्हाला आजच कळतंय. सुरक्षेची लायब्ररी न तपासलेल्या मशीनवर चालते आहे याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, या मुद्द्यावर मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण पहिल्या बाजूची चिडही मला समजते.

ते प्रकरण निवलं, तर २०२५च्या ऑक्टोबरअखेर डेबियनच्या खुद्द एपीटीच्या देखभालकर्त्याने जाहीर केलं, की मे २०२६नंतर एपीटीलाही रस्ट लागेल. ज्या पोर्टकडे, म्हणजे एकेका आर्किटेक्चरच्या डेबियनकडे, रस्ट नसेल त्यांनी सहा महिन्यांत ते आणावं, नाहीतर पोर्टच आवरतं घ्यावं. एपीटी म्हणजे पॅकेजं बसवणारं पॅकेज. ते बनलं नाही तर बाकीची बनून उपयोग नाही. नोटीस ज्यांना लागू होती त्यांत एम६८केवाले होते, म्हणजे अमिगा आणि अटारीच्या काळातले मोटोरोला ६८०००च्या घराण्यातले प्रोसेसर आजही कामाला लावणारे. हे लोक नोटिशींना सरावलेले आहेत. १९९८च्या डेबियन २.०मध्ये इंटेलच्या जोडीला मान्यता मिळालेलं हे दुसरं आर्किटेक्चर. पुढे ते अधिकृत यादीतून गेलं, पण माणसं गेली नाहीत. खरी मशिनं फार हळू पडतात म्हणून ती पॅकेजं एम्युलेटरवर बांधतात, म्हणजे वेगवान इंटेलला ६८०००च्या घराण्याचं सोंग घ्यायला लावतात. १९७९मध्ये सुरू झालेल्या या घराण्यासाठी एलएलव्हीएम या कंपायलरसंचात नवा कोरा विभाग २०२१मध्ये घातला गेला, आणि त्याच्या आधारे रस्टच्या यादीत एम६८केचं नावही लागलं. लागलं ते तिसऱ्या श्रेणीत. तिसऱ्या श्रेणीचा अर्थ रस्टवाल्यांनी स्वच्छ लिहून ठेवलाय : कोड ठेवलेला आहे, पण तो बनतो का आणि चालतो का, हे आम्ही आपणहून तपासत नाही. म्हणजे बिल्ड तुटलं तर ते कळवायचंही अमिगावाल्यांनी, आणि पॅच लिहायचाही त्यांनीच. ते बसलेत लिहीत.